सोलापूरच्या रोजच्या जगण्यावर कंट्री ढंगाचं गाणं कसं बांधावं

सुरुवात शब्दांपासून करू नका, कामाच्या आवाजापासून करा. अमेरिकेच्या ग्रामीण लोकगीतांतून आलेल्या कंट्री ढंगाची गायिका डॉली पार्टननं १९८० साली ‘नाइन टू फाइव्ह’ रचताना आपली ॲक्रिलिकची नखं एकमेकांवर घासली. टाइपरायटरसारखा आवाज आला आणि ऑफिसात राबणाऱ्या बायकांच्या गाण्याला ठेका मिळाला. सोलापुरात असा ठेका गल्लोगल्ली आहे. यंत्रमागाजवळ उभं राहून मोबाइलच्या मेट्रोनोमवर (ठेका मोजणाऱ्या ॲपवर) धोट्याच्या खटक्याला टॅप करा. आकडा फार मोठा आला तर निम्मा घ्या. मिनिटाला १०० ते ११० ठोके या ढंगाला बरे, पण सराव ८० वर.

गिटारवर कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) तीनच: जी, सी, डी सेव्हन. कडव्याच्या चार ओळी, प्रत्येकीला चार मात्रांची चार आवर्तनं:

जी – जी – सी – जी
जी – जी – डी सेव्हन – डी सेव्हन
जी – जी – सी – जी
जी – डी सेव्हन – जी – जी

धृपद सी वरून उचला, म्हणजे ते कडव्यापेक्षा वर चढल्यासारखं वाटतं.

उजव्या हाताचं काम असं: पहिल्या मात्रेला खर्जाची एक तार, दुसरीला खालच्या तीन बारीक तारांवर झटका, तिसरीला खर्जाची दुसरी तार, चौथीला पुन्हा झटका. खर्जाच्या तारा (सर्वांत जाड ती सहावी) जी ला सहावी आणि चौथी, सी ला पाचवी आणि चौथी, डी सेव्हनला चौथी आणि पाचवी. डी सेव्हनवर मोकळी सहावी तार लागली की आवाज गढूळ होतो. सर्वांत जास्त बिघडतं ते सहाही तारा एकदम ओढल्यानं. खर्ज बुडतो आणि ठेकाच हरवतो. पिक (तारा छेडायची चकती) ०.७ ते ०.८ मिलिमीटरचा घ्या. पट्टी जमत नसेल तर बोटांची मांडणी न बदलता दुसऱ्या किंवा तिसऱ्या पडद्यावर (फ्रेटवर) कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबणारा चिमटा, लावा.

आता शब्द, आणि इथे घाई नको. ‘गरिबी’, ‘संघर्ष’, ‘कष्टकरी’ असले शब्द गाण्यात आले की चित्र पुसलं जातं. वस्तू आणा. उदाहरणार्थ:

नळाला पाणी आज, हंडे लावले दारात
हजार विड्या बाकी, सूप घेतलं मांडीत

विडीची मजुरी हजारावर ठरते, म्हणून ‘हजार’ हा एक शब्द दिवसभराचं काम सांगतो. वेगळं समजवावं लागत नाही. ठोका बसवताना दीर्घ अक्षर पहिल्या मात्रेवर ठेवा. ‘नळाला’मधला ‘न’ ठोक्याआधी निसटता म्हणायचा आणि ‘ळा’ ठोक्यावर. ‘हजार’मध्ये ‘जा’ ठोक्यावर. ऱ्हस्व ‘न’ पहिल्या मात्रेवर ताणला तर गाणं इंग्रजी चालीत कोंबल्यासारखं ऐकू येतं. मराठी कंट्री गाणी बहुधा इथेच फसतात.

धृपदासाठी घरात खरोखर बोललं जाणारं वाक्य शोधा. ‘उद्या बघू’ घ्या. पहिल्या कडव्यात ते किराणा दुकानाच्या उधारीवर येईल, दुसऱ्यात पोराच्या फीवर, तिसऱ्यात आईच्या दुखऱ्या बोटांवर. शब्द तेच राहतात, अर्थ दरवेळी जड होतो. कंट्री गाण्याची खरी ताकद याच युक्तीत आहे, त्यामुळे तिसरं कडवं आधी लिहा आणि मग मागे या.

उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो तेव्हा गिटार पत्र्याच्या खोलीत किंवा बंद गाडीत ठेवू नका. ब्रिजचा, म्हणजे तारा अडकवायच्या पट्टीचा, गोंद सुटतो. कोरड्या हवेत लाकूड आकसतं, पडद्यांची टोकं बोटाला लागतात, तारा झणझणतात. साबणाच्या डबीला भोकं पाडून ओला पण घट्ट पिळलेला स्पंज आत घाला आणि ती डबी केसमध्ये ठेवा.

रेकॉर्डिंग करताना पंखा बंद करा. फोन बाराव्या पडद्यासमोर, हातभर अंतरावर ठेवा. गिटारच्या भोकासमोर ठेवला तर खर्ज घुमतो आणि शब्द दबतात.