जुन्या घराच्या दारा-खिडक्यांना ब्राँझची पट्टी कशी लावायची

ऑक्टोबर उजाडला की इकडे बोस्टनच्या आसपास जुनी घरं घेतलेली आपली मंडळी दुकानातून फोमची चिकटपट्टी आणतात, दाराच्या चौकटीला चिकटवतात, आणि हिवाळा संपायच्या आत ती एकतर दबून चपटी होते नाहीतर सुटून लोंबायला लागते. पुढच्या ऑक्टोबरला परत तेच. मधल्या काळात कोणीतरी सेल्समन येऊन सांगून जातो की या लाकडी खिडक्या काढा आणि विनाइलच्या बसवा. नका काढू. १९२०-३० च्या घरांतलं खिडक्यांचं लाकूड बहुतेक वेळा हळू वाढलेल्या जुन्या झाडांचं, घट्ट रेषांचं असतं, तसं लाकूड आता सहज मिळत नाही. त्या खिडक्यांना आणि दारांना हवी असते ती स्प्रिंग ब्राँझची पट्टी.

म्हणजे काय, तर ब्राँझचा अगदी पातळ लांब पत्रा, जाडी इंचाच्या हजारातल्या आठ-दहा भागांएवढी, एक कड खिळ्यांनी चौकटीला पक्की करायची आणि दुसरी कड मोकळी, जराशी उचललेली. दार बंद झालं की ही मोकळी कड दाराच्या बाजूला दाबून बसते. कुजत नाही, थंडीत कडक होत नाही, आणि एकदा नीट लावली की कित्येक दशकं बघायला नको.

विकत आणायच्या आधी चौकट नीट बघा, कारण या वयाच्या घरात पट्टी आधीपासूनच असू शकते, रंगाच्या पाच थरांखाली दडलेली. रंग जरासा ओला करून खरवडा (जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्याची काळजी खाली खिडकीच्या भागात दिली आहे) आणि लोहचुंबक लावा. खाली धातू दिसतोय आणि चुंबक चिकटत नाही तर ते ब्राँझ किंवा जस्त. ब्राँझ असेल तर रंग काढून कड परत उचलायची, बस, काही विकत आणायचं नाही. जस्ताची असेल, तिला मधे उभा कणा असेल आणि खिडकीच्या सॅशला, म्हणजे काच बसवलेल्या सरकत्या चौकटीला, त्या कण्यासाठी खाच असेल, तर ती जुन्या इंटरलॉकिंग पद्धतीची. ती उपटू नका. साफ करा, मेण लावा, सोडून द्या. नव्याने तसली बसवायच्या भानगडीत तर अजिबात पडू नका, ते मुरलेल्या सुताराचं काम आहे.

फटी शोधायला उदबत्तीसारखं दुसरं साधन नाही. वारं असलेल्या थंड दिवशी सगळं बंद करायचं, स्वयंपाकघरातला आणि बाथरूमचा एक्झॉस्ट चालू करायचा आणि उदबत्ती चौकटीच्या कडेकडेने फिरवायची, धूर जिथे आडवा होतो तिथे खडूने खूण. एक्झॉस्टमुळे घरात हवेचा दाब कमी होतो आणि बाहेरची हवा प्रत्येक फटीतून आत ओढली जाते, म्हणून लपलेल्या फटीही सापडतात. पण हे करताना तळघरातला गॅसचा वॉटर हीटर आणि बॉयलर बंद ठेवा, नाहीतर चिमणीतून वर जायचा धूर उलटा घरात येऊ शकतो. मॅसॅच्युसेट्समधे असाल तर मास सेव्ह या ऊर्जाबचत योजनेवाले घराची तपासणी फुकट करून देतात, ती जरूर करून घ्या. तळघराच्या आणि माळ्याच्या फटी आधी बुजवायच्या हेही ते सांगतील आणि ते बरोबरच आहे, गरम हवा वर माळ्यातून पळते म्हणूनच खालच्या दारातून गार हवा ओढली जाते.

आता दार. दाराने सुरुवात करा, खिडकीने नको, दारावर हात बसतो.

आधी दार आणि चौकट यांच्यातली फट मोजा. इथली नाणी वापरा. डाइमसुद्धा (दहा सेंटचं पातळ नाणं) सरकत नसेल तर पट्टीला जागाच नाही, दार अडकेल, तिथे आधी रंधा मारावा लागेल. एक-दोन निकेल (पाच सेंटची नाणी) जात असतील तर उत्तम, म्हणजे साधारण अर्धं ते सव्वा सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). तीन निकेल एकत्र धरून आरामात जात असतील तर पट्टी पुरायची नाही, दार कललंय. वरच्या बिजागरीचा एक स्क्रू काढून तिथे तीन इंची स्क्रू आतल्या खांबापर्यंत मारा, बहुतेक दारं तेवढ्यानेच वर येतात. सतरा फुटांची गुंडाळी मिळते, ती एका दाराला पुरते: दोन बाजूंना सात-सात, वर तीन.

पट्टी कुठल्या दिशेने लावायची यात निम्मे लोक चुकतात. नियम एकच, मोकळी कड स्टॉपकडे, म्हणजे दार बंद झाल्यावर ज्या पट्टीवर टेकतं तिकडे, आणि खिळ्यांची कड त्याच्या उलट बाजूला, जिकडून दार येतं तिकडे. दार आत उघडो की बाहेर, नियम बदलत नाही. उलटी लावलीत तर पहिल्यांदा दार बंद करतानाच दाराचा कोपरा मोकळ्या कडेत घुसतो आणि पट्टी दुमडते. शिवाय आत उघडणाऱ्या दाराला सरळ लावलेल्या पट्टीत बाहेरचा वारा शिरला की तो कड अजून घट्ट दाबतो, हा फायदा फुकटचा. मोकळी कड आणि स्टॉप यांच्यात किमान एक सूत जागा सोडा, कारण पट्टी दाबली गेली की ती जराशी रुंद होते आणि जागा नसेल तर स्टॉपला टेकून फुगते.

आता खरं काम, खिळे मारणं. सगळीकडे याबद्दल एका ओळीत लिहिलेलं असतं, "पट्टी जागेवर धरून खिळे मारा", आणि ते वाचून मी जेवढा वैतागलोय तेवढा दुसऱ्या कशाने नाही, कारण असं केलं की पट्टीला लाटा येतात. दोन खिळ्यांच्या मधे पत्रा फुगतो, दार बंद केलं की टपटप वाजतो, आणि प्रत्येक फुगवट्याच्या शेजारी एक खळगा असतो ज्यातून हवा येते. मग लोक म्हणतात ब्राँझ काही खरं नाही, फोम बरा. दोष ब्राँझचा नसतो हो. एवढा पातळ पत्रा हातोडीच्या प्रत्येक ठोक्याने कणभर सरकतो, आणि दोन्ही टोकं आधी पक्की केली असतील तर त्या सरकलेल्या पत्र्याला जायला जागाच उरत नाही.

म्हणून वरच्या टोकाला एक खिळा पूर्ण मारायचा, पट्टी खाली ताणून सरळ करायची, आणि खालच्या टोकाला एक खिळा अर्धाच मारून ठेवायचा, नुसता धरायला. मग वरून खाली, एकापाठोपाठ एक, मधे उडी न मारता. प्रत्येक फूटभराने हाताच्या तळव्याने पट्टी वरून खाली दाबत न्यायची, म्हणजे ढील खाली सरकत जातो, आणि खाली पोचलात की तो अर्धा खिळा काढायचा, पट्टी परत ताणायची आणि नवा मारायचा. टोक जरासं जास्त आलं तर कापा, तो बाहेर पडलेला ढीलच आहे. काही लोक मधून सुरुवात करून दोन्हीकडे जा म्हणतात. छोट्या तुकड्याला चालेल, सात फुटांना नाही.

खिळे तांब्याचे, ब्राँझचे किंवा पितळेचे, अर्धा ते पाच-अष्टमांश इंच, बारीक डोक्याचे. घरात पडलेले लोखंडी खिळे वापरू नका, गॅल्व्हनाइज्डही नको. ब्राँझला चिकटून ओल लागली की लोखंड आधी गंजतं, खिळ्याचं डोकं जातं आणि पट्टी सुटते. अंतर इंच-दीड इंच. हो, एवढे जवळ, एका दाराला दीडशे-दोनशे खिळे होतात आणि कंटाळा येतो, पण चार इंचांवर मारलेत तर वरच्या लाटा परत आल्याच. जुनं लाकूड कडक असतं आणि तांब्याचा खिळा मऊ, सरळ ठोकलात तर वाकणारच, म्हणून प्रत्येक जागी आधी टोच्याने भोक पाडा, खिळा बारीक पक्कडीत धरा, हलकी हातोडी घ्या आणि शेवटचा ठोका पंचाने (खिळ्याच्या डोक्यावर टेकवायची छोटी लोखंडी दांडी) मारा. डोकं पत्र्याच्या पातळीत आलं की थांबायचं. वर राहिलं तर दाराचा रंग खरवडेल, जास्त आत गेलं तर पत्र्याला खळगा पडेल आणि तिथून नवी लाट सुरू. हातमोजे घाला, कापलेल्या ब्राँझची कड ब्लेडएवढीच धारदार असते.

खिळे झाले की मोकळी कड उचलायची, आणि इथे घाई करणाऱ्यांनी सगळं केलेलं पाण्यात घालवलेलं पाहिलंय. चपट्या स्क्रूड्रायव्हरचा कोपरा किंवा बोथट पुट्टी नाइफ कडेखाली घालून वरून खालपर्यंत एका दमात, हलक्या हाताने ओढत न्यायचा, परत वरून, परत हलक्या हाताने, तीन-चार फेऱ्यांत कड हळूहळू वर येते. एकाच जागी जोर लावून उचकटलंत तर तिथे चुणी पडते आणि चुणी पडलेला पत्रा कधीच सरळ होत नाही, तो तुकडा बदलावा लागतो. कड फटीपेक्षा थोडी जास्त उचललेली हवी, खूप नाही. मग दार बंद करून कागदाची पट्टी दारात अडकवा आणि ओढा. सगळीकडे सारखी, घासत निघाली पाहिजे. सहज निघते तिथे कड अजून उचला, अडकून फाटते तिथे अंगठ्याने दाबा. दार शेवटच्या इंचाला थोडं ढकलावं लागेल आणि घासल्याचा आवाज येईल, ते बरोबर आहे. धाडकन आपटावं लागत असेल तर जास्त झालंय. कडेवर साधी मेणबत्ती घासली की दार सरकायला लागतं, तेल लावू नका, धूळ धरतं. आणि रंगारी घरी आला तर त्याला आधीच सांगून ठेवा की या पट्टीवर ब्रश फिरवायचा नाही.

बाकीचं सोपं आहे. वरच्या कोपऱ्यात दोन्ही पट्ट्यांच्या मोकळ्या कडा तिरक्या कापा म्हणजे एकमेकींवर चढत नाहीत. कुलपाच्या पत्र्याभोवती खाच कापा. बिजागऱ्यांच्या बाजूला दोन बिजागऱ्यांच्या मधल्या जागेत तुकडे लावले तरी चालतं.

खिडकी, म्हणजे वर-खाली सरकणाऱ्या दोन सॅशची जुनी लाकडी. घर १९७८ च्या आधीचं असेल तर रंगात शिसं आहे असंच धरून चाला: रंग ओला करून खरवडा, सँडर लावू नका, खाली प्लास्टिक अंथरा, लहान मुलं आणि गरोदर बाई त्या खोलीत नको. आतली स्टॉपची लाकडी पट्टी काढा, खालचा सॅश बाहेर घ्या, दोन सॅशच्या मधली लाकडी पट्टी काढा, वरचा घ्या. सॅशच्या बाजूंचा रंग पूर्ण काढा, नाहीतर ब्राँझसाठी जागा राहत नाही.

उभ्या पट्ट्या सॅश ज्या खोबणीत सरकतो तिथे, मोकळी कड बाहेरच्या बाजूला. लांबी सॅशच्या उंचीपेक्षा दोनेक इंच जास्त, म्हणजे सॅश हलवताना त्याचं टोक पट्टीच्या टोकात अडकत नाही. दोरीची कप्पी झाकू नका, तिथे पट्टी कापून घ्या. खालच्या सॅशची तळाची पट्टी लोक चौकटीवर मारतात, मी सॅशच्याच तळाला मारतो, चौकटीवर पाणी साचतं. आणि दोन सॅश मधे जिथे भेटतात तिथे वरच्या सॅशच्या आतल्या बाजूला आडवी पट्टी, मोकळी कड खाली. ही एक पट्टी सोडून बाकी सगळं केलेल्या खिडक्या मी बघितल्यात, आणि सगळ्यात जास्त वारा तिथूनच येतो. तिथलं लॉक ढिलं असेल तर बदला, ते चोरासाठी कमी आणि दोन सॅश एकमेकांकडे ओढून धरायला जास्त असतं.

बाहेर स्टॉर्म विंडो, म्हणजे मूळ खिडकीच्या बाहेरून लावलेली जादा काचेची खिडकी, असेल तर तिच्या खालची छोटी भोकं बुजवू नका, पाणी तिथून निघून जातं. आतली खिडकी घट्ट आणि बाहेरची थोडी ढिली, असंच हवं. स्टॉर्मच्या काचेवर आतून वाफ धरत असेल तर आतल्या खिडकीतून अजून हवा निसटतेय, पट्टी परत तपासा. वाफ आतल्या खिडकीच्याच काचेवर, खोलीच्या बाजूने दिसत असेल तर घरात दमट हवा जास्त झाली, कुकर आणि फोडणीच्या वेळी बाहेर हवा फेकणारा एक्झॉस्ट लावत जा.

दाराच्या खालची फट या पट्टीचं काम नाही, तिथे उंबरठ्यावर टेकणारा रबराचा स्वीप लावा, आणि रात्री बाहेरचा दिवा लावून आतून बघा, उजेड दिसतो तिथे स्वीप खाली घ्या. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म प्रत्येक मजल्यावर आणि बेडरूमजवळ हवाच, आणि सगळं घट्ट करून झालं की गॅसवाल्याला बोलावून हीटरची चिमणी धूर नीट वर ओढते का ते तपासून घ्या.