टर्बो बदलण्याआधी : जुन्या डिझेल पिकअपमध्ये या चुका टाळा

चढावर गाडी ओढत नाही अशी तक्रार घेऊन इंदूरच्या देवास नाक्यावर माझ्याकडे येणाऱ्या जुन्या पिकअपच्या मालकांपैकी बहुतेकांनी टर्बो गेला असे आधीच ठरवलेले असते. कोणी तरी इनटेकचा, म्हणजे हवा आत घेणारा, पाइप काढून टर्बोची दांडी बोटाने हलवून पाहिलेली असते, ती किंचित हललेली असते आणि तेवढ्यावर निकाल लागलेला असतो. टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, आणि तो एग्झॉस्टच्या, म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या, वायूवर फिरतो. तो वायू कमी मिळाला किंवा टर्बोने दाबलेली हवा वाटेत गळाली, तर टर्बो धडधाकट असूनही दाब कमीच दिसणार. म्हणून माझ्याकडे टर्बोची पाळी सर्वांत शेवटी येते.

दांडीविषयी आधी सांगतो. टर्बोचे बेअरिंग तेलाच्या थरावर तरंगते, त्यामुळे इंजिन बंद असताना दांडी आडवी थोडी हलणे स्वाभाविक आहे. ती पुढे-मागे सरकत असेल किंवा पंख्याची पाती घराला घासल्याच्या खुणा दिसत असतील, तरच काळजी करावी. होजच्या, म्हणजे हवा नेणाऱ्या रबरी नळीच्या, आत तेलाचा पातळ थर दिसला म्हणूनही टर्बो बाद ठरत नाही, कारण ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून, तेलाची वाफ इनटेकमध्ये येतच असते.

ज्या चुकीने लोकांचा सर्वाधिक पैसा वाया गेलेला मी पाहिला आहे, ती म्हणजे होज केवळ डोळ्यांनी पाहून ठीक आहेत असे म्हणणे. बऱ्हाणपूरहून केळी भरून इंदूरला येणारी एक पिकअप माझ्याकडे आली होती. रिकामी असताना ती व्यवस्थित चाले, पण भरलेली असताना भेरूघाट चढू लागली की काळा धूर सोडत दुसऱ्या गिअरवर येई. एका गॅरेजने तिला नवा टर्बो बसवून दिला होता आणि दोष मात्र जसाच्या तसा राहिला होता. मालकाने टर्बोसाठी उसने पैसे घेतले होते, आणि आता इंजिन उघडावे लागेल असे त्याला सांगण्यात आले होते. मीही आधी सगळे होज हाताने दाबून पाहिले, पण एकातही काही सापडले नाही. मग टर्बोच्या तोंडावर पीव्हीसीचे टोपण क्लॅम्पने आवळून, त्यात बसवलेल्या टायरच्या व्हॉल्व्हमधून काँप्रेसरची हवा सोडली. पाव बारपर्यंत सर्व शांत होते. अर्ध्या बारच्या पुढे खालून फुसफुस ऐकू आली आणि इंटरकूलरकडून (दाबलेली हवा थंड करणारी जाळी) मॅनिफोल्डकडे (इंजिनाच्या तोंडाशी हवा वाटणारा भाग) जाणाऱ्या होजच्या पोटाशी साबणाच्या पाण्याचे बुडबुडे फुटू लागले. ब्रॅकेटला घासून तिथे बोटाच्या पेराएवढी चीर पडली होती, जी दाब असला की उघडे आणि दाब गेला की ओठ मिटावेत तशी मिटे. त्या होजची किंमत नव्या टर्बोच्या विसाव्या हिश्शाएवढीही नव्हती.

तेव्हापासून कमी दाबाची कोणतीही गाडी या चाचणीवाचून मी पुढे जाऊ देत नाही. काँप्रेसरला रेग्युलेटर असलाच पाहिजे. हवा हळूहळू वाढवावी, एक बारच्या वर जाऊ नये आणि टोपणाच्या समोर कोणीही उभे राहू नये. ऑईलच्या गेजपट्टीतून किंवा सायलेन्सरमधून आवाज आला तर तो होजचा दोष समजू नये. इंजिन थांबले तेव्हा एखादा व्हॉल्व्ह उघडा राहिलेला असतो, म्हणून क्रँक थोडा फिरवून पुन्हा ऐकावे. या कामाला अर्धा तास लागतो, आणि तेवढाही धीर नसलेल्या नव्या मुलांना मी गाडीला हात लावू देत नाही.

दुसरी चूक ॲक्च्युएटरविषयी, म्हणजे रॉड हलवून टर्बोचा दाब आवरणाऱ्या डबीविषयी, आहे. वेस्टगेटच्या, म्हणजे जादा एग्झॉस्ट बाजूने सोडून देणाऱ्या झडपेच्या, साध्या टर्बोत दाब वाढला की ॲक्च्युएटर ती झडप उघडतो. त्याचा पडदा फाटला तर झडप उघडतच नाही आणि दाब कमी होण्याऐवजी प्रमाणाबाहेर वाढतो. व्हॅक्यूमवर चालणाऱ्या व्हेरिएबल टर्बोत, म्हणजे पाती हलवून दाब बदलणाऱ्या टर्बोत, नेमके उलटे घडते : पडदा फाटला किंवा व्हॅक्यूमची बारीक नळी तडकली, तर पाती मिटत नाहीत आणि दाब तयारच होत नाही. आपल्या गाडीत यांपैकी कोणता प्रकार आहे हे न पाहता ॲक्च्युएटर बदलणारे लोक मी वारंवार पाहतो. रॉडचे नट फिरवून दाब वाढवण्याचा मार्ग तर मला मुळीच मान्य नाही. गळती तशीच ठेवून रॉड आवळला की टर्बो ती गळती भरून काढण्यासाठी अधिक वेगाने फिरत राहतो, आणि काही महिन्यांत खरोखरच निकामी होतो. मी हातपंप लावून रॉड कोणत्या दाबाला हलू लागतो ते पाहतो आणि मॅन्युअलशी ताडतो. पंप सोडल्यावर तो अडखळत परतत असेल, तर काजळी साफ केल्याशिवाय बाकी काही करत नाही.

स्कॅनरवरचा आकडा नीट वाचणेही आवश्यक आहे. मॅनिफोल्डचा सेन्सर एकूण दाब दाखवतो, ज्यात बाहेरच्या हवेचा दाब धरलेला असतो. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर असल्यामुळे चावी चालू आणि इंजिन बंद असताना येथे साधारण ९५ किलोपास्कल दिसायला हवेत. पुस्तकातले १०१ दिसत नाहीत म्हणून चांगला सेन्सर फेकून देऊ नये. चढावर १७५ दिसले, तर टर्बोने दिलेला खरा दाब ८० च आहे हे लक्षात ठेवावे. जागेवर उभ्या गाडीचा एक्सलरेटर दाबून बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला दाब, मोजण्यात अर्थ नाही, कारण भार नसताना डिझेल कमी जळते आणि टर्बोला फिरवायला पुरेसा वायूच नसतो. मी भरलेली गाडी घाटावर नेऊन, तिसऱ्या गिअरमध्ये, साधारण २००० ते २५०० आरपीएमवर आकडा पाहतो.

यांत्रिक पंपाच्या गाडीत धुराची साक्ष घ्यावी. काळा धूर आणि ताकद कमी, तर हवा कमी पडते आहे. धूर नाही आणि ताकदही नाही, तर आधी डिझेल फिल्टर पाहावा. संगणकाने डिझेल सोडणाऱ्या कॉमन रेल गाडीत हवा कमी दिसताच ईसीयू, म्हणजे तो संगणक, डिझेल आवरतो, त्यामुळे तेथे धुरावर विसंबता येत नाही.

ईजीआर व्हॉल्व्ह उघडा अडकला तर टर्बोच्या वाट्याचा वायू परत इनटेकमध्ये जातो, तेव्हा तो काढून पाहावा. गाडीला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एग्झॉस्टचा धूर शुद्ध करणारा डबा) असेल, तर तो तुंबलेला नाही याची खात्री करावी. एअर फिल्टर जोराच्या हवेने झोडपून वापरू नये, कारण कागदाला पडलेल्या छिद्रांतून आत जाणारी धूळ पंख्याची पाती खाते. जुन्या होजवर नवे क्लॅम्प बसवण्यापूर्वी आतले तेल पुसून काढावे, अन्यथा पहिल्याच घाटात होज निसटतो. मी पहिल्या फेरीनंतर गाडी परत बोलावतो आणि इंजिन थंड झाल्यावर सर्व क्लॅम्प पुन्हा एकदा आवळतो.