प्योंगयांगकडून चर्चेचा प्रस्ताव आला की या चुका टाळा

उत्तर कोरियाने बोलणी करायची तयारी दाखवली की लगेच प्रश्न सुरू होतो: यावेळी खरं बोलतायत की पुन्हा खेळवतायत? काहींना लगेच शांतता दिसू लागते, काहींना फसवणूक. दोन्ही बाजू किम जोंग उनच्या मनात काय चाललंय याचे अंदाज बांधत बसतात आणि त्याने टेबलावर नेमकं काय ठेवलंय हे वाचायचं राहून जातं. माझं मत स्पष्ट आहे. प्रस्ताव खरा की खोटा हे विचारण्याआधी तो कोणत्या गोष्टीपुरता खरा आहे, हे विचारायला हवं.

पहिली चूक: उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असंच असेल असं धरून चालणं

ऑक्टोबर १९९४ मध्ये जिनिव्हात अमेरिका आणि उत्तर कोरिया यांच्यात करार झाला. उत्तर कोरियाने योंगब्योन या आपल्या मुख्य अणुकेंद्रातली, बॉम्बसाठी लागणारं प्लुटोनियम तयार करणारी अणुभट्टी बंद ठेवायची आणि बदल्यात त्याला हलक्या पाण्याच्या (म्हणजे साध्या पाण्यावर चालणाऱ्या, वीज बनवण्यासाठीच्या) दोन अणुभट्ट्या व दरवर्षी पाच लाख टन इंधन तेल द्यायचं, असं ठरलं.

पुढची आठ वर्षं ती भट्टी खरोखरच बंद होती. भट्टीतून काढलेले सुमारे आठ हजार इंधनदांडे डब्यांत बंद करून पाण्याच्या टाकीत ठेवले होते, त्यांच्यावर आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची सीलं होती आणि निरीक्षक तिथेच मुक्कामाला होते. याच काळात पाकिस्तानचे अणुशास्त्रज्ञ अब्दुल कादीर खान यांच्या जाळ्यातून युरेनियम समृद्ध करायची, म्हणजे बॉम्बच्या दुसऱ्या वाटेची, यंत्रं गुपचूप येत होती. म्हणजे प्लुटोनियमबाबत शब्द पाळला जात होता आणि युरेनियमबाबत डोळ्यांत धूळफेक चालली होती.

२००२ मध्ये हे उघड झालं आणि करार मोडला. डिसेंबरमध्ये सीलं काढली गेली, निरीक्षकांना हाकललं गेलं, मग त्याच दांड्यांतून प्लुटोनियम काढलं गेलं. ऑक्टोबर २००६ मध्ये पहिली अणुचाचणी झाली. तो करार निव्वळ फसवणूक होता असं म्हणणाऱ्यांनी त्या आठ वर्षांत किती प्लुटोनियम तयार झालं नाही याचाही हिशेब करावा.

दुसरी चूक: कॅमेऱ्यासमोरच्या स्फोटाला पुरावा मानणं

जून २००८ मध्ये योंगब्योनचा कूलिंग टॉवर, म्हणजे अणुभट्टी थंड ठेवणारा मनोरा, पाडला गेला. ते दृश्य जगभर दाखवलं गेलं. २०१३ मध्ये अणुभट्टी पुन्हा सुरू झाली, टॉवर नव्हताच, थंड करायला नदीचं पाणी वापरलं. मे २०१८ मध्ये पुंग्ग्ये-री इथले अणुचाचणीचे बोगदे उडवले, तेव्हाही पत्रकारांना बोलावलं, पण अणुतज्ज्ञांना नाही. असं काही दिसलं की दोन प्रश्न विचारावेत: हे पूर्ववत करायला किती वेळ लागेल? आणि तपासायला कोणाला आत येऊ दिलं?

तिसरी चूक: ते आपल्याच लोकांना काय सांगतात हे न वाचणं

नोव्हेंबर २०१७ मध्ये ह्वासाँग-१५ क्षेपणास्त्र डागल्यावर किमने देशाचं अण्वस्त्रबळ पूर्ण झाल्याची घोषणा केली. एप्रिल २०१८ मध्ये पक्षाच्या बैठकीत चाचण्या थांबवल्याचं जाहीर झालं. कारण काय दिलं? काम फत्ते झालं, आता चाचण्यांची गरज उरली नाही. बाहेर मात्र हीच बातमी बॉम्ब सोडायची तयारी म्हणून वाचली गेली. देशातल्या लोकांना सांगितलेलं फिरवणं अशा राजवटीला जड जातं, म्हणून ते आधी वाचावं.

चौथी चूक: प्रामाणिकपणाची परीक्षा फक्त समोरच्याचीच घेणं

मला ही चूक सर्वांत घातक वाटते, कारण ती करणाऱ्याला आपण चुकतोय असं वाटतच नाही. १९९४ च्या करारातली पहिली अणुभट्टी २००३ पर्यंत उभी राहायची होती. तिच्या पायाचं काँक्रीट पडलं ऑगस्ट २००२ मध्ये. इंधन तेलही वेळेवर पोहोचत नव्हतं. सप्टेंबर २००५ मध्ये बीजिंगमध्ये उत्तर कोरियाने अण्वस्त्रं सोडण्याबाबत सहा देशांचं संयुक्त निवेदन निघत असतानाच अमेरिकेच्या अर्थखात्याने मकावच्या बँको डेल्टा आशिया या बँकेवर उत्तर कोरियाचा काळा पैसा फिरवल्याचा ठपका ठेवला. उत्तर कोरियाचे सुमारे अडीच कोटी डॉलर अडकले आणि बोलणी अडली. लिबियाच्या गद्दाफीने २००३ मध्ये शस्त्र कार्यक्रम सोडला, २०११ मध्ये तो मारला गेला. हे प्योंगयांगमध्ये कुणीही विसरलेलं नाही. त्यांचा संशय सगळाच नाटकी आहे असं समजून बोलायला बसलं, तर कशाच्या बदल्यात ते काय सोडतील हे कळणारच नाही.

पाचवी चूक: बोलणी फिसकटली म्हणजे प्रस्ताव खोटा होता असं मानणं

फेब्रुवारी २०१९, हनोई. ठरलेलं दुपारचं जेवणही न घेता ट्रम्प आणि किम उठले. मध्यरात्री उत्तर कोरियाचे परराष्ट्रमंत्री री योंग हो यांनी पत्रकारांना बोलावून सांगितलं, योंगब्योन मोडायला आम्ही तयार होतो, बदल्यात संयुक्त राष्ट्रांचे २०१६-१७ मधले पाच निर्बंध उठवायला सांगितले. अर्थव्यवस्थेचा गळा आवळणारे निर्बंध हेच, म्हणून अमेरिकेला ही किंमत अवाच्या सवा वाटली. शिवाय योंगब्योनबाहेरच्या ठिकाणांचं काय, हा प्रश्न उरलाच. माझ्या मते तो प्रस्ताव खोटा नव्हता, महाग होता. नेत्यांची भेट आधी ठरली आणि ‘योंगब्योन’मध्ये काय काय धरायचं हे अधिकाऱ्यांनी घासाघीस करून पक्कं केलंच नाही. आधी ठिकाणांची यादी मागितली असती, तर ती द्यायची तयारी किती आहे हे तिथेच कळलं असतं.

आणि आजची चूक

सप्टेंबर २०२२ मध्ये उत्तर कोरियाने स्वतःला अण्वस्त्रसज्ज ठरवणारा कायदा केला. सप्टेंबर २०२५ मध्ये किमने सांगितलं की अमेरिकेने अण्वस्त्रं काढून घ्यायचा हट्ट सोडला तर बोलायला हरकत नाही. दक्षिण कोरियाबरोबर बसायचं कारण नाही, असंही तो म्हणाला. हा प्रस्ताव १९९४ च्या मापाने मोजू नये. इथे बॉम्ब विकायला काढलेलाच नाही. यावर फार तर चाचण्या थांबवणं, नवं प्लुटोनियम आणि युरेनियम न बनवणं, निरीक्षकांना योंगब्योनमध्ये परत येऊ देणं, एवढंच मागता येईल. आणि सोल, म्हणजे दक्षिण कोरिया, खोलीबाहेर राहिलं, तर सरहद्दीपासून जेमतेम ५० किलोमीटरवर राहणाऱ्यांच्या वतीने तिथे कोण बोलणार, हे पहिल्या बैठकीआधी ठरवावं लागेल.