गोळी घेतली का, असं विचारू नका

पुण्याच्या नारायण पेठेत आमचं औषधाचं दुकान आहे. लग्न होऊन आले आणि काउंटरमागे उभी राहिले, त्याला आता अठ्ठावीस वर्षं झाली. ‘गोळी घ्यायची विसरले हो’ म्हणणारे शेकड्यांनी भेटले, पण खरोखर विसरणारे त्यांत थोडेच. बाकीचे ठरवून बंद करतात. डॉक्टरांना सांगत नाहीत, घरच्यांनाही सांगत नाहीत. कधीतरी सुट्टे पैसे मोजता मोजता मला सांगून जातात.

त्यामुळे घरी हृदयाचा पेशंट असेल तर मोबाइलचा गजर आणि सात खणांचा डबा या गोष्टी नंतर बघा. आधी शोधायचं ते हे, की यातली नेमकी कुठली गोळी बंद आहे आणि का.

हे मी शिकले ते घरीच ठेच लागून. माझ्या सासऱ्यांची अँजिओप्लास्टी झाली, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवला, तेव्हा मी दर रविवारी त्यांचा डबा भरायची. फार्मसिस्ट सून, म्हणजे काही चुकायचा प्रश्नच नाही, अशी माझी समजूत. रात्री डबा बघावा तर रिकामा. दीड महिन्यानं गॅलरीतल्या तुळशीची माती बदलायला घेतली आणि कुंडीत खुरप्याला पिवळट लगदा लागला. एक गोळी अर्धी शाबूत होती. टिकाग्रेलर, रक्ताची गुठळी होऊ न देणारी, संध्याकाळची. ती घेतली की बाबांना धाप लागल्यासारखं व्हायचं. मी म्हटलं, ‘बाबा, मला सांगायचं ना!’ तर म्हणाले, ‘अगं, तू रविवारी एवढं मन लावून डबा भरतेस. तुला वाईट वाटलं असतं.’

टिकाग्रेलरनं काही जणांना धाप लागते, हे मला पाठ होतं. विचारायचं मात्र सुचलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी ईसीजी आणि टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) करून धाप हृदयाची नाही याची खात्री केली आणि गोळी बदलून क्लोपिडोग्रेल दिली. पाच मिनिटांचं काम. दीड महिना बाबा नशिबावर होते.

नशिबावर का, ते सांगते. स्टेंट म्हणजे धातूची बारीक जाळी. रक्तवाहिनीच्या आतलं अस्तर त्या जाळीवर चढेपर्यंत तिथे रक्ताची गुठळी धरायचा धोका असतो. म्हणून ॲस्पिरिन आणि तिच्या जोडीला क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलर किंवा प्रासुग्रेल, अशा दोन गोळ्या देतात. ॲटॅक येऊन स्टेंट टाकला असेल तर ही जोडी साधारण १२ महिने चालते. कोणाची आधी थांबवतात, कोणाची लांबवतात, ते हृदयाच्या डॉक्टरांनी ठरवायचं. दाढ काढायची असेल आणि कोणी ‘रक्त पातळ व्हायच्या गोळ्या पाच दिवस बंद करा’ म्हणालं, तर आधी हृदयाच्या डॉक्टरांना फोन. आणि टिकाग्रेलर दिवसातून दोनदा घ्यायचीच. सकाळची घेतली म्हणून संध्याकाळची सोडून चालत नाही.

तर शोधायचं कसं? ‘घेतली का?’ असं विचारू नका. त्याचं उत्तर ‘हो’ असंच असतं. त्याऐवजी पाकिटं मोजा. आणल्या दिवशी प्रत्येक पाकिटावर मार्करनं तारीख घाला. पंधरा दिवसांनी किती गेल्या आणि किती जायला हव्या होत्या, ते बघा. इथे एक खोच आहे, ती दुकानदारालाच कळते. इकोस्प्रिनचं पाकीट १४ गोळ्यांचं येतं, बाकीची कुठली १० ची, कुठली १५ ची. त्यामुळे चार औषधं चार वेगवेगळ्या दिवशी संपतात. एकासाठी कोण खाली उतरणार, म्हणून ‘सगळं एकदम आणू’ असं ठरतं आणि आठ दिवस ती एक गोळी बंद. केमिस्टला स्पष्ट सांगा, सगळ्या ३० द्या, पाकीट कापून द्या. कुरकुर करेल, पण देईल. कापलेल्या पाकिटातून गोळी काढताना नाव आणि मुदतीची तारीख छापलेली बाजू शेवटी ठेवा. पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात तेव्हा दरवर्षी कोणी ना कोणी माउली हातात गोळ्यांच्या पाकिटाची चुरगळलेली चांदी घेऊन येतात. त्यावर ‘…ol 25’ एवढंच उरलेलं असतं. आता त्यावरून काय द्यायचं?

मोजून झालं की विचारा, ‘यातली कुठली नकोशी वाटते?’ हा प्रश्न विचारला की माणूस बोलतो. मी काउंटरवर हाच विचारते.

उत्तरं ठरावीक असतात. बीपीच्या रॅमिप्रिलसारख्या गोळीनं कोरडा खोकला येतो. लोक महिनोन्महिने कफ सिरप पितात, मग वैतागून गोळी सोडतात. डॉक्टरांना सांगितलं तर बहुतेक वेळा टेल्मिसार्टनच्या जातीची गोळी बदलून मिळते आणि खोकला जातो. हृदयाचे ठोके कमी करणाऱ्या मेटोप्रोलॉलनं थकल्यासारखं वाटतं. ती तर एकदम कधीच तोडायची नाही, छातीत दुखणं उसळी मारून येऊ शकतं. कमी करायची तर डॉक्टर टप्प्याटप्प्यानं करतात.

कोलेस्टेरॉलच्या गोळीचा किस्सा वेगळाच. रिपोर्ट नॉर्मल आला की पेढे वाटल्यासारखी ती बंद करतात. अहो, नॉर्मल आला तो गोळीमुळे! सोडली की काही आठवड्यांत एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, पुन्हा पहिल्या जागी. आणि लॅबच्या कागदावर छापलेली ‘नॉर्मल’ मर्यादा ही धडधाकट माणसाची. एकदा ॲटॅक येऊन गेलेल्याला एलडीएल ७० च्या खाली, पुष्कळदा ५५ च्याही खाली हवं असतं. या गोळीनं साखर थोडी वाढू शकते, हे व्हॉट्सॲपवर येतं आणि ते खोटंही नाही. पण हृदयाच्या पेशंटला होणारा फायदा त्याहून कितीतरी मोठा आहे, हे पुढचं वाक्य कोणी फॉरवर्ड करत नाही. अंग खूप दुखत असेल तर सांगा. डोस किंवा गोळी बदलता येते. ॲटोरव्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्या गोळ्या रात्रीच घ्यायला हव्यात असंही नाही. रात्री टीव्हीसमोर झोप लागत असेल तर डॉक्टरांना विचारून सकाळच्या चहानंतर ठेवा.

पाण्याच्या गोळीचं, म्हणजे अंगात साठलेलं पाणी लघवीवाटे काढणाऱ्या गोळीचं, मात्र मला खरंच वाईट वाटतं. आमच्या वाड्यामागच्या एक काकू, हृदय कमजोर, टॉर्सेमाइड चालू. मंगळवार-शनिवार भजनाला जातात. तिकडे बाथरूमची सोय नाही आणि गोळी घेतली की दोन-तीन तास सारखं उठावं लागतं. म्हणून ते दोन दिवस त्या गोळी खातच नव्हत्या. रविवारी पायावर सूज, सोमवारी दम. डॉक्टर ओरडायचे, मीठ खाल्लंत ना म्हणून. काकू मान खाली घालून ऐकून घ्यायच्या. एवढ्या वयाच्या बाईनं ‘मला तिथे लघवीला जाता येत नाही’ हे तरुण डॉक्टरला सांगायचं कसं? मी चिठ्ठीवर लिहून दिलं: ‘भजन ४ ते ७. गोळीची वेळ बदलता येईल का?’ त्या दोन दिवशी गोळी पहाटे सहाला घ्या असं ठरलं. झालं. तुमच्याकडेही अशी लाजेची गोष्ट असेल तर कागदावर लिहून तो कागद पुढे सरकवा.

पाण्याची गोळी चालू असणाऱ्यांनी घरी वजनकाटा ठेवावा. सकाळी उठून, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, रोज साधारण सारख्याच कपड्यांत वजन करायचं आणि कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात आकडा टाकायचा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते पाणी आहे, पुरणपोळी नाही. त्याच दिवशी फोन करा, पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका.

पैशाचं कारण कोणी तोंडानं सांगत नाही. ‘सध्या दहाच द्या’ म्हणतात आणि मग त्या दहा गोळ्या वीस दिवस चालवतात. २०१७ च्या फेब्रुवारीत सरकारनं स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली, औषधाचा लेप असलेला स्टेंट तेव्हा ३० हजारांच्या आत आला. अँजिओप्लास्टीचा खर्च सरकारच्या महात्मा फुले योजनेत बसू शकतो. पण घरी आल्यावर वर्षानुवर्षांच्या गोळ्या असतात, त्या खिशातूनच. तेव्हा डॉक्टरांना सरळ म्हणा, ‘महिन्याला एवढंच जमेल, त्यात बसवा.’ जनऔषधी केंद्रात हीच औषधं बरीच स्वस्त मिळतात. माझ्या धंद्याच्या विरुद्ध बोलतेय, पण अर्ध्या गोळ्या खाण्यापेक्षा तिकडे जा.

डिस्चार्ज कार्ड हा आणखी एक वैताग. बाबांना घरी सोडलं तेव्हा आमच्या हातात चार पानं इंग्रजी दिली आणि ‘सगळं लिहिलंय त्यात’ म्हणून नर्स वळली. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना, एसओएस म्हणजे गरज पडली तरच. हे मराठीत एका कागदावर उतरवा: गोळीचं नाव, कशासाठी, कधी, कधीपासून. ब्रँडच्या ठळक नावाखाली किंवा शेजारी औषधाचं मूळ नाव असतं, ते जुळवून बघा. आधीची बीपीची गोळी आणि हॉस्पिटलनं दिलेली नवी, दोन्ही टेल्मिसार्टनच, नावं फक्त वेगळी. एक आजोबा दोन्ही खात होते आणि पलंगावरून उठताना चक्कर येऊन पडले.

उपवासाला गोळ्या चालतात. चतुर्थीला, एकादशीला, श्रावणी सोमवारीही. पाणी चालतं तर गोळीही चालते, असं मी छातीठोक सांगते. बरोबर मधुमेहाच्या गोळ्या असतील तर मात्र उपवासाआधी डॉक्टरांना विचारा, त्यांत साखर उतरायची भीती असते. एखादी वेळ खरंच विसरली तर लवकर आठवल्यास घ्या, पुढची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्या. दोन एकदम घ्यायच्या नाहीत. गुडघ्यासाठी आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक माझ्याकडे किंवा कोणाकडेही परस्पर मागू नका. पोटात रक्तस्राव होऊ शकतो, अंगात पाणी साठतं. मिश्री हीसुद्धा तंबाखूच. ती डॉक्टर विचारत नाहीत आणि बायका सांगत नाहीत.

विचारणारं माणूस घरचंच असलं पाहिजे असं नाही, उलट नसलेलं बरं. ॲटॅक येऊन गेलेल्या आठशेवर पेशंटांचा एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला, आपल्याच देशातल्या १४ हॉस्पिटलांत केलेला. निम्म्यांना प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्य कार्यकर्ते हॉस्पिटलमध्ये आणि नंतर घरी जाऊन भेटले. वर्षानं त्यांच्यातले ९७ टक्के गोळ्या नीट घेत होते, बाकीच्यांत ९२. फरक थोडा वाटेल, पण भेटी तरी किती? घरी जेमतेम दोन. आमच्याकडे आता बाबांची पाकिटं शेजारचे निवृत्त बँकवाले काका मोजतात आणि बाबा त्यांच्या बीपीच्या गोळ्या मोजतात. दोघंही एकमेकांना सोडत नाहीत.

डॉक्टरांकडे जाताना घरातली सगळी पाकिटं एका पिशवीत घ्या, आयुर्वेदिक काढ्याची बाटलीसुद्धा. बीपीचे आकडे न्या. पाच मिनिटं टेकून, न बोलता बसल्यावर, पट्टा हृदयाच्या पातळीला ठेवून घेतलेले. जिना चढून आल्या आल्या घेतलेले नकोत. प्रश्न तीनच न्या, आणि पहिला तो नकोशा गोळीचा.

पेठेत राहणाऱ्यांनी गणपतीच्या आधी निदान दहा दिवसांची औषधं जास्तीची आणून ठेवावीत. लक्ष्मी, केळकर, कुमठेकर आणि टिळक, चारही रस्ते मिरवणुकीत अडकले की दुकान उघडं असूनही मी कोणाच्या उपयोगाची नसते.

आणि छातीत दाबल्यासारखं झालं, घाम फुटला, हात किंवा जबडा भरून आला, तर डॉक्टरांनी दिलेली सॉर्बिट्रेट आधी बसून मगच जिभेखाली ठेवायची. तिनं बीपी उतरतं, उभ्यानं घेतली तर माणूस कोसळतो. पौरुषाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी हे डॉक्टरांना आधीच सांगून ठेवावं, त्या आणि सॉर्बिट्रेट मिळून जीवघेणं होतं. पाच मिनिटांत उतार नाही तर १०८. ॲसिडिटी म्हणून सोडा पीत बसू नका, स्कूटरवर मागे बसवून नेऊ नका. आमच्यासारख्या बोळात अँब्युलन्स आत येत नाही. म्हणून कोपऱ्यावर कोण उभं राहणार आणि जिन्यातून खाली आणायला कुठली खुर्ची घ्यायची, हे आजच ठरवा. आमची हाताची लाकडी खुर्ची जिन्याच्या वळणावर अडकते, हे आम्ही बाबांना बसवून करून बघितलं तेव्हा कळलं. आता प्लॅस्टिकची ठेवली आहे, दाराच्या मागे.