अल्पायुषी फुटबॉल संघाचा इतिहास कसा लिहायचा : टाइम-ऑफिसवाल्याची पद्धत

मी भुसावळचा. रेल्वेच्या शेडमध्ये टाइम-ऑफिसात 31 वर्षं मस्टर लिहिलं. कोण आला, कोणाचा खाडा, कोणाची रजा मंजूर, एवढंच काम. फुटबॉल शाळेत असताना खेळलो, तोही अनवाणी. तरी आज पुण्याच्या भारत एफसी या बंद पडलेल्या व्यावसायिक संघाचं रजिस्टर माझ्या कपाटात आहे, आणि ते मस्टरच्याच रीतीनं लिहिलंय.

झालं असं. 2015 च्या उन्हाळ्यात भाच्याकडं बालेवाडीला गेलो होतो. इकडं पारा पंचेचाळिसाला टेकलेला, म्हणून रात्रीच्या महाराष्ट्र एक्स्प्रेसनं निघालो. भाच्यानं संध्याकाळी स्टेडियमवर नेलं. चार-पाच वर्षांनी घरात विषय निघाला तेव्हा मी ठणकावून सांगितलं, "आपण भारत एफसीची मॅच बघितली होती." भाचा म्हणाला, "मामा, ती पुणे एफसीची होती. आणि आता दोन्ही संघ नाहीत, कोणाला विचारणार?" मला झोप लागली नाही. व्यावसायिक संघ, पगारी खेळाडू, परदेशी प्रशिक्षक, आणि पाच वर्षांत विचारायला माणूस नाही? मग वही घेतली. माझं जिथं चुकलं तिथं तुमचं चुकू नये म्हणून हे लिहितोय.

पहिली गोष्ट, संघ नेमका कोणता ते ठरवा. सोपं वाटतं, तसं नाही. एकट्या पुण्यात बघा. पुणे एफसी 2007 मध्ये निघाला. एफसी पुणे सिटी 2014 मध्ये, इंडियन सुपर लीग या नव्या स्पर्धेसाठी. आणि भारत एफसीला नोव्हेंबर 2014 मध्ये आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या राष्ट्रीय लीगमध्ये, थेट प्रवेश मिळाला. मालक कल्याणी समूह. आय-लीगमधले दोघं, म्हणजे पुणे एफसी आणि भारत एफसी, 2014-15 च्या मोसमात एकाच बालेवाडीत घरचे सामने खेळत होते. बातमीत नुसतं "पुण्याच्या संघाचा पराभव" असं आलं की घोटाळा झालाच म्हणून समजा. मी तीन रंगांच्या शाया केल्या आणि मालक, लीग आणि प्रशिक्षक यांपैकी दोन गोष्टी जुळल्याशिवाय कात्रण कुठल्याच शाईखाली घ्यायचं नाही असं ठरवलं.

मग संघ मेला, की घर बदलून गेला, ते बघा. 2019 मध्ये दिल्ली डायनामोज भुवनेश्वरला गेला आणि ओडिशा एफसी झाला. हे स्थलांतर. त्याच वर्षी एफसी पुणे सिटी बंद झाला आणि लीगमधली त्याची जागा हैदराबाद एफसीनं घेतली. हा नवा संघ. वरून दोन्ही सारखंच दिसतं, रजिस्टरात मात्र एकाला पान उलटायचं आणि दुसऱ्याला नवी वही घालायची. अमेरिकेत तर याचा कळसच झालाय. पोर्तुगालचा नामांकित खेळाडू युसेबियो 1977 मध्ये लास वेगास क्विकसिल्व्हर्सकडून खेळला. तो संघ त्या नावानं एकच मोसम होता. आधी बाल्टिमोर कॉमेट्स, मग सॅन दिएगो जॉज, मग लास वेगास, आणि 1978 पासून सॅन दिएगो सॉकर्स. बदलीवर फिरणाऱ्या रेल्वे कुटुंबासारखं. तुम्ही कुठल्या नावापासून कुठल्या नावापर्यंत लिहिणार, ते पहिल्या पानावर लिहून टाका, म्हणजे पुढं भांडण नको.

तारखांचं एक पान वेगळं ठेवा. जन्माची एक आणि मृत्यूची एक अशा दोन तारखांवर भागत नाही. घोषणा कधी झाली, लीगनं प्रवेश कधी दिला, पहिला सामना, शेवटचा सामना आणि बंदची घोषणा, अशा पाच लागतात. आमच्याकडं माणूस रिटायर होतो एका तारखेला, सेटलमेंट होतं दुसऱ्या, आणि क्वार्टर सोडतो तिसऱ्याच. संघाचंही तसंच.

आता मुख्य काम, सामन्यांचं मस्टर. आडव्या ओळीत एकेक सामना. उभ्या रकान्यांत तारीख, मैदान, प्रतिस्पर्धी, निकाल, गोल करणारे, मिनिट, सुरुवातीचे अकरा, बदली खेळाडू, कार्ड, आणि शेवटचा रकाना "हे कुठून कळलं" याचा. शेवटचा रकाना रिकामा असेल तर ती ओळ पेन्सिलीत. फक्त लीगचे सामने घेताय की चषकाचे आणि सरावाचेही, हे आधी ठरवा. मी सरावाचे घेतले नाहीत; एकाच सामन्याच्या दोन बातम्यांत दोन निकाल असायचे.

टॅली कशी मारायची ते नीट समजून घ्या, कारण इथंच नव्वद टक्के लोक सोडून देतात. त्या मोसमात आय-लीगमध्ये 11 संघ होते. प्रत्येकाशी दोनदा, म्हणजे प्रत्येक संघाचे 20 सामने आणि सगळ्या लीगचे मिळून 110. तुमच्या मस्टरात लीगच्या 20 ओळी नसतील तर थांबा. प्रत्येक प्रतिस्पर्ध्याचं नाव बरोबर दोनदा यायला हवं, एकदा घरी आणि एकदा बाहेर. संघांची संख्या विषम, म्हणून फेऱ्या 22 पडतात आणि दर फेरीत एक संघ बसून राहतो. मला आधी वाटलं दोन सामने सापडत नाहीयेत, आठवडाभर शोधले. तो खाडा नव्हता, साप्ताहिक सुट्टी होती! मग विजय गुणिले तीन अधिक बरोबरी, हे शेवटच्या तक्त्यातल्या गुणांशी जुळवा. गोल करणाऱ्यांची बेरीज आणि प्रतिस्पर्ध्यांनी स्वतःवरच मारलेले गोल मिळून संघाचे एकूण गोल व्हायला हवेत. एकाचा फरक येत असेल तर बहुतेक वेळा एका वर्तमानपत्रानं गोल खेळाडूच्या नावावर टाकलाय आणि दुसऱ्यानं स्वयंगोल धरलाय. असा फरक दाबून टाकू नका, समासात लिहा.

ही माहिती मिळवायची कुठून? संघ बंद झाला की आधी त्याची वेबसाइट जाते, मग फोन, मग ऑफिसवरची पाटी. त्यामुळं मेलेल्या संघाचे कागद जिवंत प्रतिस्पर्ध्यांकडं शोधायचे. भारत एफसीसारखा संघ कोलकात्यात जाऊन मोहन बागानशी खेळला, तर तिथल्या वर्तमानपत्रांत त्या सामन्याचं अर्धं पान असतं. पुण्यात चार ओळी. बागान आणि ईस्ट बंगालचे चाहते किती जुनी बाडं जपून ठेवतात हे बघितल्यावर आपल्याला लाज वाटते. मोसमाचा शेवटचा दिवस तर आणखी अवघड. 31 मे 2015 ला बंगळूरमध्ये 1-1 अशी बरोबरी साधून मोहन बागान 13 वर्षांनी राष्ट्रीय विजेता झाला; त्या रात्री तळाच्या संघाकडं कोण बघणार?

खानदेशात बसून हे काम करणाऱ्यानं एक ध्यानात ठेवावं. आपल्याकडं येणारं वर्तमानपत्र लवकर छापलं जातं. सातचा सामना नऊला संपतो, तोवर पान गेलेलं असतं. मी जुने अंक चाळत होतो, तर क्रीडा पानावर क्रिकेट, खाली तालुका कबड्डी, शेजारच्या पानावर रावेरच्या केळीचे भाव. सामना कुठंच नाही. म्हणून सामन्याच्या दुसऱ्या दिवशीचाच नव्हे, तिसऱ्या दिवशीचाही अंक बघायचा, आणि पुणे शहर आवृत्ती पुण्यातच जाऊन बघायची. जळगावच्या वल्लभदास वालजी जिल्हा वाचनालयात बसायची सवय असली तरी आवृत्तीचं नाव अंकावर वाचल्याशिवाय टिपण घेऊ नका. रद्दीवाल्याशीही ओळख ठेवा. मे महिन्यात लोक माळे साफ करतात.

कागद जमवायचं बळ हवं असेल तर धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात एक चक्कर मारा. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव फिरून लोकांच्या घरातली दप्तरं गोळा करायचे. आपण स्टेडियमची तिकिटं गोळा करतोय, एवढाच फरक. (माझी बायको म्हणते, फरक बराच आहे.)

नावांची गडबड फार होते. भारत एफसीचे प्रशिक्षक इंग्लंडचे स्टुअर्ट वॅटकिस. मराठीत हेच नाव "वॉटकिस", "वॅटकिन्स" असं काहीही छापून येऊ शकतं. न्यूझीलंडचा क्रिस ब्राइट कुठं क्रिस, कुठं ख्रिस. मणिपूरच्या अनेक खेळाडूंच्या नावात सिंग असतं, त्यामुळं नुसतं "सिंगनं गोल केला" हे निरुपयोगी. प्रत्येक खेळाडूला एक नंबर द्या, आमच्याकडं टोकन नंबर असायचा तसा, आणि त्यापुढं सापडलेली सगळी रूपं लिहा. त्याच पानावर तो कुठून आला आणि संघ बंद झाल्यावर कुठं गेला तेही टाका. अल्पायुषी संघाचा अर्धा इतिहास त्या दोन रकान्यांत असतो.

माणसांना विचारताना काय विचारायचं, हे मी आमच्या शेडच्या जुन्या टीमवर शिकलो. हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी होती, पाच-सहा जुने खेळाडू जमलेले. मी विचारलं, "तुमची सगळ्यात भारी मॅच कोणती?" झालं! कळण्याची भाकरी संपेपर्यंत प्रत्येकानं एकट्यानं संघ जिंकून दिला. मग विचारलं, "खंडव्याला गेलो तेव्हा बॉल कोणाच्या पिशवीत होता? जेवलो कुठं?" तेव्हा खरं बाहेर यायला लागलं. एक म्हणाला, "अरे, त्या टायमाला तर आपण हरलो होतो ना भो." म्हणून बस कुठली, खोलीत कोण होतं, पगार कोणत्या तारखेला यायचा, असं विचारा. सांगितलेली तारीख मात्र मस्टरशी जुळल्याशिवाय शाईनं लिहू नका.

संघ का बंद पडला, हे सगळ्यात शेवटी लिहा. लोक इथूनच सुरुवात करतात आणि घसरतात. भारत एफसी त्या मोसमात अकरावा, म्हणजे शेवटचा आला. लगेच निष्कर्ष : हरला म्हणून संपला. पण थेट प्रवेश मिळालेला असल्यामुळं त्याला त्या मोसमात पदावनती नव्हती. खालच्या लीगमध्ये गेला तो दहावा आलेला गोव्याचा डेम्पो, पाच वेळचा राष्ट्रीय विजेता! तिसरा आलेला शिलाँगचा रॉयल वाहिंगडोहही त्याच वर्षी बाहेर पडला. पुणे एफसीही गेला, त्याची अकादमी एफसी पुणे सिटीनं घेतली. आणखी मागं जा. पंजाबातल्या फगवाड्याचा जेसीटी 1996-97 च्या पहिल्या राष्ट्रीय लीगचा, म्हणजे आय-लीगच्या आधीच्या स्पर्धेचा, विजेता, 2011 मध्ये बंद. मुंबईचा महिंद्रा युनायटेड 2005-06 चा विजेता. 2010 मध्ये मालकांनी तोही बंद करायचं ठरवलं. तेव्हा गुणतक्ता एका पानावर आणि मालकाचे निर्णय दुसऱ्या पानावर ठेवा. दोघांमध्ये बाण काढायचा तर मालकाचं किंवा फुटबॉल महासंघाचं निवेदन हातात हवं. ऑक्टोबर 2014 मध्ये सुपर लीग सुरू झाली आणि आय-लीगच्या भवितव्यावर प्रश्न उभे राहिले, ही परिस्थिती जरूर सांगा, पण परिस्थिती म्हणूनच सांगा.

लिहायला बसाल तेव्हा "या संघाची स्थापना" असं पहिलं वाक्य नको. एखाद्या सामन्यापासून सुरू करा, जो तुमच्या मस्टरात पूर्ण भरलाय. विशेषणं कमी वापरा. आणि उजव्या बाजूला तीन बोटं समास सोडा. माहितगार माणूस वही हातात घेतो तेव्हा त्याला पेन टेकवायला जागा लागते.

तीन प्रती काढा. एक स्वतःकडं, एक गावच्या वाचनालयात, एक संघाच्या शहरात. पुण्याची प्रत भाच्याकडं आहे. ती द्यायला गेलो तेव्हा त्यानं जुन्या पुस्तकातून त्या संध्याकाळचं तिकीट काढून दाखवलं. सामना पुणे एफसीचाच होता. माझ्या मस्टरात त्याला जागा नाही, म्हणून ते मी वहीच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवलंय.