४० एक्सवर धुकं आणि रखडणारं चित्र

आमच्या लॅबमधल्या मायक्रोस्कोपवर कांद्याचा पापुद्रा १० एक्सला (दहापट मोठं दाखवणाऱ्या लेन्सनं) स्वच्छ दिसायचा, ४० एक्सला मात्र सगळं धुक्यात. वर कॅमेऱ्याचं चित्र असं रखडायचं की स्लाइड आधी सरकायची, पेशी मागाहून यायच्या. मी नवा कॅमेरा घ्यायला निघालो होतो.

आयपीस (डोळा लावायची वरची लेन्स) काढून उलटा धरला नि भिंगासारखा वापरून ४० एक्सच्या लेन्सचं तोंड पाहिलं: सीडर तेलाचा वाळलेला पिवळट थर! कुणीतरी १०० एक्सच्या लेन्सला लागणारं तेल न पुसता लेन्स फिरवली असणार. लेन्स पेपरवर झायलीन या द्रावकाचा थेंब घेऊन, न रगडता टिपलं. (शर्टाचं टोक वापरणाऱ्याला मी लॅबबाहेर काढतो.)

मग उजेड. कंडेन्सर (स्लाइडखालचं, उजेड एकवटणारं भिंग) पार खाली, त्याचा डायफ्रॅम (उजेड कमी-जास्त करणारी झडप) जवळपास बंद. ऑगस्ट क्योलरची उजेड जुळवण्याची १८९३ची पद्धत वापरली: फील्ड डायफ्रॅम (दिव्याजवळची तशीच झडप) मिटवला, कंडेन्सर वरखाली करत त्या झडपेची कडा चित्रात धारदार केली, मधोमध आणली, मग झडप उघडली. कंडेन्सरचा डायफ्रॅम तीन-चतुर्थांश उघडा ठेवला. उजेड वाढला तसं कॅमेऱ्याचं एक्सपोजर (एका फ्रेमसाठी उजेड घेण्याचा वेळ) २०० मिलिसेकंदांवरून २०वर आलं. २०० म्हणजे सेकंदाला जेमतेम ५ फ्रेम, रखडणारच की!

कव्हरस्लिपही (नमुन्यावर ठेवायच्या पातळ काचा) आता ०.१७ मिमीच्याच मागवल्यात; ४० एक्सच्या लेन्सला हीच जाडी मानवते.