रिसॉर्टच्या फॅमिली रूममध्ये एक माणूस वाढवायचा असेल तर काय काय बघायचं

डिसेंबरात आम्ही गणपतीपुळ्याला गेलो होतो, मी, नवरा आणि दोन मुलं, मुलगी ११ ची आणि मुलगा ६ चा. दोन रात्रींची रूम महिनाभर आधीच बुक होती. निघायच्या चार दिवस आधी रत्नागिरीहून आत्याचा फोन आला, अगं एवढ्या जवळ येताय तर दुसऱ्या रात्री मी पण येते, मुलांबरोबर राहीन जरा. रत्नागिरीहून आरे-वारेच्या रस्त्याने पुळं जेमतेम २५ किलोमीटर, नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता, आणि मला मनापासून आनंदच झाला होता. फक्त आत्या ६८ वर्षांची, दोन्ही गुडघे दुखतात, तिला नीट झोपता आलं पाहिजे एवढी एकच काळजी होती. त्या चार दिवसांत जे जे विचारलं आणि जे आधीच्या एका ट्रिपमध्ये विचारायचं राहिलं होतं ते सगळं इथे लिहितेय.

सगळ्यात आधी आपलं बुकिंग व्हाउचर उघडून बघा की रूम किती माणसांची आहे. यात दोन आकडे असतात आणि लोक ते एकच समजतात. एक म्हणजे भाडं किती जणांचं धरलंय, ते बहुतेक वेळा दोन मोठ्यांचं असतं ज्याला डबल ऑक्युपन्सी म्हणतात, आणि दुसरा म्हणजे त्या रूममध्ये जास्तीत जास्त किती जण राहू शकतात, तो कुठे तीन असतो कुठे चार. पहिल्या आकड्याच्या वर गेलात तर पैसे भरून काम होतं, दुसऱ्याच्या वर गेलात तर पैसे देऊनही होत नाही. आमचं तेच झालं, आमची डिलक्स रूम दोन मोठे दोन मुलं अशी होती म्हणजे चार हेड आधीच भरलेले, मॅनेजर म्हणाले मॅडम त्या रूममध्ये पाचवा हेड नाही घेता येणार, तुम्ही फॅमिली रूम घ्या. लहान मूलही हेडमध्ये मोजतात की नाही हे प्रत्येक हॉटेलचं वेगळं, तेव्हा तेही विचाराच.

बुकिंग ॲपवरून केलं असेल तरी या कामासाठी फोन थेट रिसॉर्टला करा. ॲपच्या कस्टमर केअरला माणूस वाढवायला सांगितलं तर ते परत हॉटेललाच विचारतात आणि त्यात दिवस जातो, शिवाय कितीतरी वेळा शेवटी हेच सांगतात की एक्स्ट्रा पर्सनचे पैसे हॉटेलवर भरा. पण नवीन बुकिंग करत असाल तर मात्र ॲपमध्ये सुरुवातीलाच खरी संख्या आणि मुलांची खरी वयं टाका, दोन मोठे टाकून स्वस्तातली रूम घ्यायची आणि तिथे जाऊन बघू म्हणायचं असं करू नका, सीझनला तिथे गेल्यावर बघायला काही शिल्लक नसतं. फोन करायची बरी वेळ म्हणजे दुपारी ३ नंतर, सकाळी ९ ते १२ रिसेप्शनवर चेकआउटची गर्दी असते आणि घाईत कोणीही हो हो म्हणून मोकळं होतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एक्स्ट्रा बेड देतो म्हणाले की लगेच विचारा, बेड म्हणजे काय, पलंग की गादी? आपल्याकडच्या बहुतेक रिसॉर्टमध्ये एक्स्ट्रा बेड म्हणजे जमिनीवर घालायची गादी असते, कधी चांगली चार इंची असते, कधी इतकी पातळ की फरशीचा गारवा पाठीला लागतो. काही ठिकाणी चाकांचा फोल्डिंग पलंग मिळतो, तो एक-दोनच असतो आणि जो आधी सांगेल त्याला. मग गादी कुठे घालणार तेही विचारा. रूममध्ये पलंग आणि कपाटाच्या मध्ये जी पट्टी उरते तिथेच ती बसते, आणि मग रात्री बाथरूमला जाणारा प्रत्येक जण गादीवरून पाय टाकत जातो, बाथरूमचा दरवाजा बाहेर उघडणारा असेल तर तो पूर्ण उघडतच नाही. आत्यासारखं कोणी असेल, तर त्यांना पलंगच द्या आणि गादीवर आपण झोपा किंवा मुलांना झोपवा. गुडघे धरलेल्या माणसाला पहाटे जमिनीवरून उठताना बघणं फार वाईट वाटतं, आणि ती माणसं कधी स्वतःहून सांगत नाहीत की मला त्रास झाला.

आम्ही मग फॅमिली रूम घेतली, एक डबल बेड आणि दोन सिंगल, आणि वर मुलासाठी काही वेगळं नको, तो आमच्यातच झोपतो. मॅनेजर म्हणाले पहिली रात्र जुन्या रूममध्ये राहा, दुसऱ्या दिवशी शिफ्ट करू. मी म्हटलं शक्य असेल तर दोन्ही रात्री एकच द्या, फरक भरते. मुलं बरोबर असताना मधल्या दिवशी सगळ्या बॅगा भरून, ओले कपडे पिशवीत कोंबून, ११ ला रूम सोडायची आणि १ पर्यंत लॉबीत बसायचं, यात अर्धा दिवस जातो, एका रात्रीच्या फरकापेक्षा तो मला जास्त महाग वाटतो.

पैशाचा हिशोब आधी कागदावर करा. समजा रूम ४५०० ची आहे, एक्स्ट्रा मोठ्या माणसाचे १२०० आणि गादी घेणाऱ्या मुलाचे ७००, म्हणजे ६४००. आणि तिथेच साधी नॉन एसी रूम २२०० ला मिळत असेल तर ३०० रुपये जास्त देऊन दोन रूम, दोन बाथरूम. तीन मोठे असतील तर मी तरी दुसऱ्या रूमचा भाव विचारल्याशिवाय एक्स्ट्रा बेडला हो म्हणत नाही. भाव विचारताना टॅक्स धरून किती ते विचारा, कारण जीएसटी एक्स्ट्रा बेडच्या पैशावरही लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७५०० रुपयांपर्यंतच्या रूमवर ५ टक्के आणि त्याच्या वरच्या रूमवर १८ टक्के आहे, म्हणून तुमची रूम ७ हजारांच्या आसपास असेल तर एक्स्ट्रा बेड धरल्यावर टॅक्स कुठल्या दराने लावणार हे स्पष्ट विचारून घ्या.

मुलांचं म्हणाल तर साधारण पाच वर्षांपर्यंत फ्री, पाच ते बारा चाइल्ड रेट आणि बाराच्या वर मोठा माणूस असं बऱ्याच ठिकाणी चालतं, पण कुठे सहा असतं कुठे आठ, म्हणून मुलांचं आधार फोनमध्ये ठेवा. चाइल्ड विदाउट बेड म्हणजे गादी मिळणार नाही, एवढं लक्षात ठेवा. जेवणाचंही असंच. नुसता नाश्ता असलेल्या पॅकेजला सीपी म्हणतात, नाश्ता आणि एक जेवण म्हणजे एमएपी, सगळं धरून असेल तर एपी. वाढलेल्या माणसाचा नाश्ता त्या १२०० मध्ये आहे का वेगळा, हे विचारलं नाही तर सकाळी टेबलावर कुपनं चार आणि माणसं पाच असं होतं, आणि पाहुण्या माणसाला त्यातून उगाच आपलं ओझं झाल्यासारखं वाटतं. २४ आणि ३१ डिसेंबरला बरीच रिसॉर्ट माणशी गाला डिनर सक्तीचं करतात, ते एक्स्ट्रा माणसालाही लागतं. आणि हो, उकडीचे मोदक हवे असतील तर पाच जणांचे म्हणून आदल्या दिवशीच सांगून ठेवा, ऐनवेळी मिळत नाहीत.

आयडी प्रत्येक मोठ्या माणसाचा लागतो, बुकिंग करणाऱ्या एकट्याचा नाही. आधार, मतदार कार्ड, लायसन्स, पासपोर्ट यातलं काहीही चालतं, पॅन कार्डवर पत्ता नसतो म्हणून ते बहुतेक ठिकाणी घेत नाहीत. आधारची झेरॉक्स द्यायची नसेल तर यूआयडीएआयच्या, म्हणजे आधार देणाऱ्या सरकारी संस्थेच्या, साइटवरून मास्क्ड आधार डाउनलोड करता येतं, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. आमच्या बाबतीत एक वेगळीच गोष्ट निघाली. काही हॉटेलं लोकल आयडी, म्हणजे त्याच तालुक्यातला किंवा जिल्ह्यातला पत्ता असलेला आयडी घेत नाहीत. हा सरकारी कायदा नाही, त्या हॉटेलचा स्वतःचा नियम असतो, पण रिसेप्शनवर अडवलं की आत्यासारख्या माणसाला किती अपमान वाटेल याचा विचार करा. मी आधीच सांगून ठेवलं होतं की पाहुण्या रत्नागिरीच्या आहेत, माझ्या सख्ख्या आत्या आहेत, चालेल ना, ते म्हणाले कुटुंबाबरोबर आहेत तर काही हरकत नाही. आणि वाढणारा पाहुणा अमेरिका-कॅनडाहून आलेला भाचा-पुतण्या असेल, परदेशी पासपोर्टवाला, तर मूळ पासपोर्ट आणि व्हिसा किंवा ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) बरोबर हवंच, हॉटेलला त्याची माहिती २४ तासांत ऑनलाइन भरावी लागते आणि लहान रिसॉर्टमध्ये ती सोय नसेल तर ते ठेवूनच घेत नाहीत, आधी विचारा.

फोनवर जे ठरलं ते व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा आणि त्यांचं ओके येईपर्यंत थांबा. मी पाठवलेला मेसेज असा होता: "नमस्कार, आपल्या फोनप्रमाणे, दोन्ही रात्री फॅमिली रूम, १ डबल २ सिंगल बेड. पहिली रात्र २ मोठे २ मुलं, दुसरी रात्र ३ मोठे २ मुलं. पाहुण्या दुसऱ्या दिवशी दुपारी ४ पर्यंत येतील, नाश्ता पाच जणांचा धरला आहे, टॅक्ससह एकूण रक्कम आपण सांगितली तीच. कृपया कन्फर्म करा." रिसेप्शनची ड्युटी बदलते, रात्रीच्या माणसाला दुपारचं काही माहीत नसतं, तेव्हा हा मेसेज दाखवला की विषय संपतो.

न सांगता माणूस आत न्यायचा विचार करू नका. तीन वर्षांपूर्वी अलिबागच्या बाजूला एका रिसॉर्टमध्ये आम्ही भावाबद्दल काहीच सांगितलं नव्हतं, तो ऑफिस करून रात्री १० ला पोचला, वॉचमनने गेटवरच थांबवला. तेव्हा १५०० रुपये रोख घेतले, पावती दिली नाही, आणि गाद्या संपल्या होत्या म्हणून एक चादर आणि एक उशी. दिवसभर काम करून, शेवटची बोट पकडून आलेला माणूस खुर्च्यांच्या उशा जोडून त्यावर झोपला, कूस बदलली की त्या सरकायच्या आणि तो उठून परत जुळवायचा. पावती न देणं हे त्यांचं चुकलंच, पण आधी एक फोन केला असता तर त्याला झोप मिळाली असती. आणि रजिस्टरमध्ये नाव असणं पाहुण्याच्या भल्याचंच आहे, रात्री आग लागली, काही झालं, तर रूममध्ये किती माणसं आहेत हे हॉटेलला कळायला नको?

पोचल्यावर गादी, उशी, पांघरूण, टॉवेल आणि साबण संध्याकाळी ८ च्या आतच मागवून घ्या, त्यानंतर हाउसकीपिंगला एखादाच मुलगा असतो. गादी आली की चादर बदलून मागा, गुंडाळून ठेवलेल्या गादीला कोकणात दमट वास येतो, पंख्याखाली तासभर उघडी टाकली तर बराचसा जातो. गरम पाण्याची वेळ विचारून ठेवा, बऱ्याच ठिकाणी सकाळी दोन-तीन तासच असतं, आणि पाच जणांत आत्याची अंघोळ पहिली लावा. पूलमध्ये उतरायला नायलॉनचाच कॉश्च्युम लागतो हे पाहुण्याला घरून निघायच्या आधी कळवा, नाहीतर तिथल्या दुकानातून दुप्पट भावाने घ्यावा लागतो.

चेकआउटला बिलावर रात्री वेगवेगळ्या बघा, आमच्या बिलात एक्स्ट्रा पर्सन दोन्ही रात्री लागला होता, मेसेज दाखवल्यावर काउंटरवरच्या मुलाने लगेच एक रात्र कमी करून नवीन बिल काढून दिलं.